अंदाज बांधा, पैसे लावू नका

शनिवारी रात्री अंबाडी नाक्यावर थोडा वेळ उभे राहा. भिवंडीच्या गोडाऊनमधली शिफ्ट संपवून आलेली पोरं वाड्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत असतात. कुणी क्लासवरून परतलेलं असतं, कुणी नुसतंच टाइमपास करायला आलेलं असतं. चहाच्या टपरीवर एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी जमतात आणि प्रीमियर लीगची मॅच सुरू होते. पूर्वी अशा घोळक्यात एकच प्रश्न असायचा, ‘कोण जिंकणार?’ हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, ‘तू किती लावलेस?’

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. आणि तो लिहावासा वाटला आमच्याच ग्रुपमधल्या एका मित्रामुळे. त्याचं नाव सांगणार नाही, पण गोष्ट त्याला विचारूनच सांगतेय. गेल्या वर्षी त्याने दोनशे रुपये लावले आणि तीनशे ऐंशी परत आले. पुढच्या आठवड्यात पाचशे लावले. चार महिन्यांनी परीक्षेची फी गेली, सुट्टीत गोडाऊनमध्ये पॅकिंग करून साठवलेले पैसे गेले आणि मोठ्या भावाकडून ‘लॅपटॉप दुरुस्तीला’ म्हणून घेतलेले पैसेही गेले. लक्षात घ्या, आमच्या ग्रुपमध्ये फुटबॉल सगळ्यात जास्त त्यालाच कळतं. कुठल्या टीमचा लेफ्ट बॅक जखमी आहे हे त्याला आमच्याआधी माहीत असतं. मग तो हरला कसा?

अंदाज कशावर बांधतात?

आधी हे मान्य करू, की मॅचचा अंदाज बांधणं हे डोक्याचं काम आहे आणि त्यात मजाही आहे. जाणकार माणूस काय काय बघतो?

पहिलं म्हणजे मैदान. घरच्या मैदानावर खेळणारी टीम जास्त वेळा जिंकते, हे जगभर दिसतं. प्रवास नाही, ओळखीचं गवत आणि पाठीशी आपली गर्दी. पण ही गर्दी किती महत्त्वाची आहे हे कळलं कोविडच्या काळात. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये बहुतेक मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या आणि त्या सीझनमध्ये यजमान टीम १४४ वेळा जिंकल्या, तर पाहुण्या टीम १५३ वेळा. त्याच वर्षी आपली आयएसएल पूर्णपणे गोव्यात खेळवली गेली. मुंबई सिटीने घरच्या मैदानाशिवाय लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकलं. म्हणजे नेहमीचा नियमसुद्धा परिस्थिती बदलली की बदलतो.

दुसरं, कोण खेळतंय आणि कोण नाही. ८ जुलै २०१४ ला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ब्राझीलकडे जखमी नेमार नव्हता आणि कार्डांमुळे कॅप्टन थिआगो सिल्व्हाही बाहेर होता. जर्मनीने ७-१ ने धुतलं. ब्राझीलला जड जाईल असं अनेकांना वाटलं असेल, पण सात गोल?

तिसरं, थकवा. बुधवारी रात्री युरोपात दूरवर खेळून आलेली टीम शनिवारी दुपारी मैदानात उतरली, की कोच अर्धे खेळाडू बदलतो. चौथं, गरज. सीझनच्या शेवटी एका टीमला रेलिगेशन टाळायचं असतं आणि दुसरीला फक्त सुट्टीचे वेध लागलेले असतात.

पाचवं आणि सगळ्यात फसवं म्हणजे फॉर्म. ‘शेवटच्या पाचपैकी चार जिंकलेत’ हे वाक्य टपरीवर फार चालतं. पण त्या चार कशा जिंकल्या? म्हणून हल्ली एक्सजी, म्हणजे एक्सपेक्टेड गोल्स बघतात. एखाद्या जागेवरून मारलेला शॉट किती वेळा गोल होतो, त्यावरून प्रत्येक संधीला किंमत देतात. पेनल्टी शंभरातल्या पंचाहत्तर-ऐंशी वेळा आत जाते, तर तीस यार्डांवरून मारलेला फटका शंभरात जेमतेम दोन-चार वेळा. टीमने चांगल्या संधी तयार केल्या, की नुसतं नशीब खाल्लं, हे यावरून कळतं.

तरीही चुकतं का?

कारण फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. मॅचमागे सरासरी अडीच-तीन. बास्केटबॉलमध्ये शंभर पॉइंट्स होतात, तिथे एखादी चूक भरून निघते. इथे एक डिफ्लेक्शन, एक ऑफसाइड, एक रेड कार्ड आणि तुमचा तीन तासांचा अभ्यास संपला.

२२ नोव्हेंबर २०२२ आठवा. सलग ३६ मॅच न हरलेली अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टी मारली. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड ठरले. दुसऱ्या हाफमध्ये सौदीने पाच-सहा मिनिटांत दोन गोल केले आणि २-१ ने मॅच नेली. अर्जेंटिना चांगली आहे, हा सगळ्यांचा अंदाज बरोबरच होता. पुढे तेच वर्ल्ड कप जिंकले. पण त्या दिवशी त्यांच्यावर पैसे लावणाऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच. अंदाज बरोबर असणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गणित कुणाच्या बाजूने?

आता मूळ मुद्दा. वर सांगितलेलं सगळं तुम्हाला माहीत आहे, तसं ते भाव ठरवणाऱ्यालाही माहीत आहे. तो जखमी खेळाडू, तो थकवा, ते एक्सजी, सगळं भावात आधीच आलेलं असतं. तुमच्याआधी आणि तुमच्यापेक्षा बारकाईने.

वर त्याचं कमिशन असतं, जे कुठे लिहिलेलं दिसत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, यजमान टीमला २.१०, ड्रॉला ३.३० आणि पाहुण्या टीमला ३.४० असा भाव आहे. कॅल्क्युलेटर काढा आणि प्रत्येक आकड्याने १ ला भागा. ४७.६ टक्के, ३०.३ टक्के आणि २९.४ टक्के. बेरीज करा. शंभर यायला हवी ना? येते १०७ च्या वर. ते वरचे सात टक्के म्हणजे दुकानदाराचा गल्ला. मॅच कुणीही जिंको, तो त्याचा.

आणि ‘मल्टी’ची गंमत बघा. पाच मॅच एकत्र लावायच्या, पाचही बरोबर आल्या तर छप्परफाड पैसे. समजा, तुम्ही इतके हुशार आहात की प्रत्येक मॅच बरोबर सांगण्याची तुमची शक्यता ६० टक्के आहे. पाचही बरोबर येण्याची शक्यता किती? शंभरात आठसुद्धा नाही. पाचातले चार बरोबर आले की आपण म्हणतो, ‘थोडक्यात हुकलं यार.’ ते थोडक्यात नसतं. ते तसंच होणार असतं. पण ‘थोडक्यात हुकलं’ याच भावनेने माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो. माझा मित्र असाच परत जात राहिला.

मग यात कुणीच जिंकत नाही का? जिंकतात. ब्राइटन क्लबचे मालक टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मॅथ्यू बेनहॅम यांनी बेटिंगमधूनच संपत्ती कमावली. पण त्यांच्या मागे डेटा गोळा करणाऱ्या, मॉडेल बनवणाऱ्या माणसांच्या कंपन्या आहेत. त्यांच्यासाठी ते ऑफिस आहे. आपण रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीग बघत, उद्याच्या प्रॅक्टिकलची भीती पोटात घेऊन, अंगठ्याने बटण दाबणार. ही लढत बरोबरीची नाही.

इतकंच कशाला, मैदानातल्यांनाही हे आवरत नाही. न्यूकॅसलच्या सँड्रो टोनालीवर २०२३ मध्ये बेटिंगमुळे दहा महिन्यांची बंदी आली, ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीवर आठ महिन्यांची. ज्यांना फुटबॉल तुमच्या-माझ्यापेक्षा हजार पटींनी कळतं, तेही यात अडकले. ज्ञान इथे वाचवत नाही.

‘शुअर शॉट’वाला भाऊ

टेलिग्रामवर एखादा ‘एक्स्पर्ट’ तुम्हाला सलग पाच मॅचचे निकाल बरोबर सांगतो आणि सहाव्यासाठी पैसे मागतो. कसं जमलं त्याला? सोपं आहे. ‘अमुक टीम जिंकेल की नाही’ यावर तो ६४०० जणांना मेसेज पाठवतो. निम्म्यांना ‘जिंकेल’, निम्म्यांना ‘नाही’. ज्या ३२०० जणांना बरोबर मेसेज गेला, त्यांनाच पुढचा. मग १६००, ८००, ४००. पाच मॅचनंतर २०० जण असे उरतात, ज्यांना तो देवमाणूस वाटतो. तुम्ही त्या दोनशेतले एक असता. बाकीच्या ६२०० जणांशी तुमची गाठ पडत नाही.

आणि ज्या मॅचवर पैसे लावताय, ती खरी तरी आहे का? २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात एका शेतात चक्क खोटी आयपीएल भरवली गेली. शेतमजूर पोरांना मॅचमागे चारशे रुपये देऊन टीमच्या जर्सी घातल्या, कॅमेरे लावले, गर्दीचा आवाज इंटरनेटवरून घेतला आणि त्यावर रशियातल्या लोकांकडून पैसे लावून घेतले. टेलिग्रामवरून निरोप यायचा आणि त्याप्रमाणे पोरं आउट व्हायची. बातमी वाचून आपण सगळे हसलो होतो. पण त्या रशियातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तोही फॉर्म, पिच आणि टॉसचा अभ्यास करत बसला असेल.

आपल्याला हे नवीन नाही

आकडा लावणं मुंबई-ठाण्याच्या पट्ट्याला नवीन नाही. एकेकाळी मुंबईत न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजच्या कापसाच्या ओपनिंग-क्लोजिंग भावावर आकडे लावायचे. पुढे १९६० च्या दशकात त्याचाच मटका झाला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही तिथलेच. घामाचा पगार आकड्यावर घालवणाऱ्यांच्या गोष्टी तुमच्या आजीला विचारा, एखादी तरी घरातलीच निघेल. फरक इतकाच, की तेव्हा मटक्याच्या अड्ड्यावर जाताना कुणीतरी बघेल ही लाज होती. आता अड्डा खिशात आहे.

कायद्याचंही सांगते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून वीस हजार कोटींच्या आसपास रक्कम या खेळांत गमावतात, असा अंदाज तेव्हा सरकारने दिला होता. त्यानंतर ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

मोठी दुकानं बंद झाली, पण मागच्या गल्लीतली चालूच आहेत. परदेशी साइट, रोज बदलणारी लिंक, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘आयडी’. तिथे पैसे अडकले तर दाद मागायची कुणाकडे? त्याहून धोक्याचं म्हणजे, ‘तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं सांगणारे पोरांना गाठतात. खातं तुमच्या नावाचं, त्यात फिरणारा पैसा दुसऱ्याचा. उद्या ते खातं गोठवलं गेलं, तर पोलिसांना उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार आणि स्कॉलरशिपही त्याच खात्यात अडकणार.

‘दोनशे रुपयांनी काय होतंय?’

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकवतात. दोनशेने काहीच होत नाही, खरंय. पण माझ्या मित्राने पाचशे, हजार लावले ते जिंकायला नव्हे, गेलेले दोनशे परत आणायला. ज्या दिवशी तुम्ही गेलेले पैसे वसूल करायला पैसे लावता, त्या दिवशी तो टाइमपास राहत नाही.

तर मग फुटबॉल नुसतं बघायचं? मुळीच नाही. २०२६ चा वर्ल्ड कप ११ जूनपासून. पहिल्यांदाच ४८ टीम, १०४ मॅच. ग्रुपमध्ये प्रेडिक्शन लीग काढा. नुसतं ‘अमुक जिंकेल’ म्हणू नका, टक्के लिहा. फ्रान्स ६०, ड्रॉ २५, समोरची टीम १५. महिनाभर वहीत नोंद ठेवा. ज्या मॅचना तुम्ही साठ टक्के म्हणालात, त्यातल्या दहापैकी साधारण सहा बरोबर आल्या, तर तुमचा अंदाज खरंच चांगला. नाही आल्या, तर पुढच्या वेळी सुधारा. एक्सेलमध्ये हे करता करता स्टॅटिस्टिक्सचा अर्धा सिलॅबस होईल. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. यापेक्षा मोठी पैज नको.

आणि तुमच्यापैकी कुणी आधीच अडकलं असेल, तर आज एका माणसाला सांगा. घरच्यांना सांगायची हिंमत होत नसेल तर मित्राला, सरांना, मॅडमना. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मन फार अस्वस्थ असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, तिथे मोफत बोलता येतं. कर्ज काढून ‘शेवटचा एक डाव’ खेळू नका. तो कधीच शेवटचा नसतो.

माझ्या मित्राने शेवटी भावाला सांगितलं. भाऊ दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी फी भरून आला. ते पैसे तो आता महिन्याला थोडे थोडे फेडतोय. परवा टपरीवर मॅच सुरू होती, त्याने अचूक सांगितलं, की सत्तर मिनिटांनंतर डाव्या बाजूने गोल येईल. आला. कुणीतरी म्हणालं, ‘अरे, लावले असतेस तर!’ तो हसला आणि म्हणाला, ‘चहा सांग.’