घर कोण सांभाळणार, हे फक्त तिलाच का विचारता?

रिश्त्याची बैठक होती. मुलीच्या हातात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता. चहा झाला, खारी-बिस्किटं झाली आणि मुलाच्या खालांनी ठरलेला प्रश्न टाकला, "बेटी, तू विमान उडवणार, मग घर कोण सांभाळणार?" मुलगा शेजारीच बसला होता. तो आखातात नोकरीला आहे, वर्षातून एकदा महिनाभरासाठी गावी येतो. त्याला हा प्रश्न कोणीच विचारला नाही. त्याच्या स्वतःच्या मनातही तो आला असेल असं वाटलं नाही.

तो रिश्ता जमला की नाही हे महत्त्वाचं नाही. प्रश्न एकालाच का विचारला गेला, हे महत्त्वाचं आहे.

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या गावांत पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर गेले. मग कुवैत, दुबई, सौदीला गेले. मूल जन्मलं तेव्हा बाप समुद्रावर होता. मूल शाळेत गेलं तेव्हा बाप लेबर कॅम्पमध्ये होता. त्यांना कोणी 'संसार टाकून गेला' म्हटलं नाही. 'घरासाठी राबतोय' म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण त्या राबण्याची अर्धी किंमत मागे राहिलेल्या बाईने भरली. सासू-सासऱ्यांचं आजारपण, बँक, शाळा, घराचं बांधकाम, सगळं तिने एकटीने ओढलं. म्हणजे घरातलं माणूस लांब असण्याची आपल्याला चांगली सवय आहे. लांब असणारं माणूस बाई निघालं, की लगेच आपल्याला संसाराची काळजी वाटू लागते.

आता हिशेब करू. आपल्या देशात वैमानिकाने सलग 7 दिवसांत 35 तासांपेक्षा आणि वर्षात 1000 तासांपेक्षा जास्त विमान उडवायचं नाही, असा नियम आहे. आठवड्याची सलग विश्रांती पूर्वी 36 तासांची होती, 1 जुलै 2025 पासून ती 48 तासांची झाली. नोकरी सोपी आहे असं मी म्हणत नाही. पहाटे तीनला गाडी दारात येते, ईदच्या दिवशी ड्यूटी लागते, मुलाच्या तापात मुक्काम दुसऱ्या शहरात असतो. पण ती बहुतेक आठवड्यांत घरी असते. दोन वर्षांचा करार करून जाणारा जावई आपल्याला चालतो, दोन रात्री बाहेर राहणारी सून चालत नाही. हे कुठलं गणित?

'लग्न आणि उड्डाण जमत नाही' हे निसर्गाने ठरवलेलं नाही. 1936 साली सरला ठकराल यांनी लाहोरमध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला, तेव्हा त्या 21 वर्षांच्या होत्या आणि चार वर्षांच्या मुलीच्या आई होत्या. त्याच सुमारास त्याच शहरात उर्दू लेखिका हिजाब इम्तियाज अली विमान उडवायला शिकल्या आणि परवाना मिळवणाऱ्या उपखंडातल्या पहिल्या मुस्लिम महिलांपैकी एक ठरल्या. अडथळे नंतर माणसांनी नियम करून उभे केले. एअर इंडियात हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. 1981 साली नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाईल, ही अट त्याच निकालात कायम राहिली. जे नियम माणसांनी केले, ते माणसांनाच बदलावे लागतात. घरातलेही आणि कंपनीतलेही.

काहीजण मेहरमशिवाय प्रवासाचा मुद्दा काढतात. तो टाळून चालणार नाही. त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि वाट सुरक्षित असेल तर परवानगी देणारेही अनेक आहेत. ज्याला हा प्रश्न मनापासून पडतो, त्याच्याशी बसून बोलू. पण हॉस्टेलवर राहून शिकणारी मुलगी चालते, परगावच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स चालते आणि फक्त कॉकपिटमध्ये बसणारी चालत नाही, असं असेल तर ती चिंता दीनची नाही. बायकोचा हुद्दा आपल्यापेक्षा मोठा होण्याची ती भीती आहे.

मग करायचं काय? मुलींनो, निकाह हा करार आहे. त्यात अटी लिहिता येतात, आणि त्या अटी पाळण्यावर हदीसमध्ये खास भर आहे. दागिन्यांची यादी करताना जेवढा वेळ देता, त्यातला थोडा इथे द्या. नोकरी चालू राहील, राहायचं कुठल्या शहरात, मूल लहान असताना कोण किती दिवस सुट्टी घेईल, हे निकाहनाम्यात लिहून घ्या. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या घरात नंतर काय बघितलं जातं, हे आपल्या आपा आणि खालांना विचारा.

भावांनो, तुमचंही काम आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी आईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते. पण खासगी नोकरीतल्या बापाला बाळ झाल्यावर रजा देणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. तो मागा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम सैल करण्याची मागणी होते, तेव्हा 'विमानं वेळेवर सुटली पाहिजेत' एवढंच म्हणू नका. त्या वेळापत्रकाच्या टोकाला कुणाचं तरी घर असतं. आणि स्वयंपाक, डबा, लसीकरणाच्या तारखा शिकून घ्या. विमान उतरवायला शिकण्यापेक्षा ते नक्कीच सोपं आहे.

त्या बैठकीत मुलीने खाली मान घालून "बघू, जमवून घेऊ" असं उत्तर दिलं. ते उत्तर तिने द्यायचंच नव्हतं. शेजारी बसलेल्या त्या मुलाने म्हणायला हवं होतं, "खाला, घर आम्ही दोघं सांभाळू. मी किती दिवस घरी असेन, हेही आधी विचारा."

पुढच्या रिश्त्याच्या बैठकीत तुम्ही असाल. तेव्हा गप्प बसू नका.