लोकसंगीताची वेळ रेडिओवरून काढू नका

मा. संपादक,


रेडिओच्या भवितव्यावर आपल्या मागील अंकात आलेल्या लेखात एक सूचना आहे. लोकसंगीताची सगळी ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर ठेवावीत आणि आकाशवाणीने त्यासाठी राखून ठेवलेली वेळ मोकळी करावी; ज्याला ऐकायचे असेल तो शोधून ऐकेल. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे. मी वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये राहतो. इथल्या ब्लूग्रास संगीताची आणि रेडिओची जी हकिगत आहे, ती लेखकाने विचारात घ्यायला हवी होती.

ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा बास यांवरचे, अ‍ॅपलाचियन डोंगरपट्ट्याशी नाते सांगणारे गाणे. ऐकणाऱ्याला ते दोन-तीनशे वर्षांचे वाटते. त्यातले धागे जुने आहेतच: स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेली कथागीते, चर्चमधली भजने, कृष्णवर्णीयांचे ब्लूज. बँजो तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी घडवलेले वाद्य. पण आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणतो तो बाज १९४० च्या दशकात घडला, आणि तो रेडिओवर घडला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या केंद्रावर १९२५ पासून दर शनिवारी रात्री एक कार्यक्रम होतो. पुढे त्याला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव पडले. केंटकीचा बिल मन्रो १९३९ साली त्यात आला. १९४५ च्या डिसेंबरात त्याच्या ताफ्यात अर्ल स्क्रग्ज हा २१ वर्षांचा बँजोवादक दाखल झाला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनाने सगळा नूर पालटला. केंद्र ५० हजार वॅटचे. रात्री मध्यम लहरी लांब पोहोचतात, त्यामुळे हे वादन दूरदूरच्या राज्यांतल्या खेड्यांत त्याच रात्री ऐकले गेले. पोरे कान लावून बसली आणि तशी बोटे फिरवायला शिकली.

लेखकाला मला एक प्रसंग मुद्दाम सांगायचा आहे. मन्रोचे 'मॉली अँड टेनब्रुक्स' हे शर्यतीच्या घोड्यांचे गाणे त्याने १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केले, पण तबकडी बाजारात आली १९४९ मध्ये. त्याआधीच, १९४८ साली, व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या स्टॅनली बंधूंची त्याच गाण्याची, त्याच बाजाची तबकडी निघाली होती. मूळ तबकडी नसताना त्यांनी ते उचलले कुठून? शनिवारच्या कार्यक्रमातून. मन्रो चिडला. संगीताचे अभ्यासक मात्र या घटनेकडे एका माणसाची शैली ही अनेकांची परंपरा होऊ लागल्याची खूण म्हणून पाहतात. ती परंपरा रेडिओच्या लहरींवरून पसरली.

स्टॅनली बंधू स्वतःही रेडिओचेच. ब्रिस्टल या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच दोन राज्यांची सीमा जाते; एका बाजूची दुकाने व्हर्जिनियात, दुसऱ्या बाजूची टेनेसीत. तिथल्या डब्ल्यूसीवायबी केंद्राने १९४६ च्या अखेरीस 'फार्म अँड फन टाइम' हा दुपारचा कार्यक्रम सुरू केला. पाच राज्यांत तो ऐकू जाई. ताफे स्टुडिओत वाजवत आणि आज रात्री कोणत्या गावच्या शाळेत कार्यक्रम आहे ते सांगत. रेडिओचा आवाज जिथवर जाई, तिथवरच्या सुपाऱ्या मिळत. गाण्यांची पुस्तके विकली जात, फर्माइशींची पत्रे येत, कोणते गाणे लोकांना धरते ते आठवड्याभरात कळे. त्या ताफ्यांचे पोट या व्यवस्थेवर चाले.

म्हणून 'सगळे इंटरनेटवर आहेच' हे उत्तर अपुरे आहे. शोधायला आधी नाव माहीत असावे लागते. ज्याने संबळ कधी ऐकलेच नाही, तो संबळ शोधणार कसा? मोबाइलवरची अ‍ॅप आपण काल जे ऐकले त्याच्यासारखेच आज पुढे करतात. तिथे गायकाचे नाव दिसते. फिडल कोणाचे, तो कोणत्या गावचा, ही चाल त्याने कोणाकडून घेतली, हे बहुधा दिसत नाही. जाणता निवेदक हे सगळे दोन वाक्यांत सांगतो आणि मग गाणे लावतो.

वॉशिंग्टनमध्ये असे निवेदक होते. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर डोंगरपट्ट्यातून हजारो कुटुंबे कामासाठी या शहराच्या आसपास आली आणि आपले संगीत घेऊन आली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला आणि घाटावरचा माणूस जसा आपला शाहीर, आपले भजन घेऊन आला, तसेच हे. अमेरिकन विद्यापीठाच्या डब्ल्यूएएमयू केंद्राने १९६७ पासून ब्लूग्रास लावायला सुरुवात केली आणि ते केंद्र या संगीताचे घर बनले. डिक स्पॉटसवूडसारखा आयुष्यभर जुन्या तबकड्यांचा अभ्यास केलेला संशोधक तिथे कार्यक्रम करत असे. मग बातम्या आणि चर्चांना श्रोते अधिक, म्हणून देणग्याही अधिक, हे गणित पुढे आले. २००१ मध्ये रोजची दुपारची वेळ बातम्यांना गेली आणि ब्लूग्राससाठी इंटरनेट वाहिनी निघाली. पुढे ते मुख्य वाहिनीवरून दुय्यम डिजिटल वाहिनीवर गेले, आणि २०१६ मध्ये केंद्राने तीही सोडत असल्याचे जाहीर केले. श्रोत्यांनी आणि निवेदकांनी संस्था काढून २०१७ मध्ये ती वाहिनी स्वतःकडे घेतली म्हणून ती वाचली. या लोकांविषयी मला नितांत आदर आहे. पण पूर्वी बातम्यांसाठी रेडिओ लावलेल्या माणसाच्या कानावर गाडीत, स्वयंपाकघरात बँजो सहज पडे. तो श्रोता गेला. राहिले ते आधीपासूनचे चाहते. 'वेळ काढा, इंटरनेटवर ठेवा' ही आपल्या लेखकाची योजना इथे तंतोतंत अमलात आली आणि तिचे फळ हे असे आहे.

रेडिओच्या हातून अन्यायही झाले आहेत. ऑप्रीवरचा माउथऑर्गनचा बादशहा डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय कलावंत सुरुवातीपासून लोकांचा लाडका होता; १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले आणि पुढे त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिश करून पोट भरले. कोणाला माइक द्यायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता असते. म्हणूनच तिथे जाणता आणि न्यायी माणूस बसवायला हवा. तो माणूस काढून यंत्राकडे काम सोपवले तर जाब विचारायलाही कोणी उरत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. २०२५ च्या जुलैत अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलरचे मंजूर अनुदान परत घेतले. याचा सर्वाधिक मार लहान ग्रामीण केंद्रांना बसतो, आणि डोंगरातले संगीत तर तिथेच वाजते. तरीही नॉर्थ कॅरोलिनातल्या माउंट एरी गावचे डब्ल्यूपीएक्यू हे छोटे खासगी केंद्र १९४८ पासून गावातल्या-तालुक्यातल्या वादकांना दर शनिवारी श्रोत्यांसमोर थेट वाजवायला लावते. राल्फ एपर्सन यांनी ते याच कामासाठी काढले होते. आपल्याकडे म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' स्थानिक गाणाऱ्यांना माइक देते. मोठा पैसा यांच्यापैकी कोणाकडेच नाही. वेळ ठरलेली आहे आणि ती कोणी हलवत नाही, हे त्यांचे बळ.

आकाशवाणीकडून माझी मागणी मोजकी आहे. लोकसंगीताची वेळ आठवड्यात ठरावीक दिवशी, लोक जागे आणि मोकळे असतील अशा प्रहरी ठेवावी. संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणे वाजवावीत, पण जोडीला दर महिन्याला निदान एक तरी गोंधळी, शाहीर, वाघ्या-मुरळी किंवा ओव्या म्हणणारी बाई आज ध्वनिमुद्रित व्हावी, आणि तिला मानधन वेळेवर मिळावे. प्रत्येक गाण्यासोबत दिमडी, तुणतुणे, ढोलकी वाजवणाऱ्याचेही नाव आणि गाव सांगावे. आणि हे सांगू शकेल असा एक निवेदक प्रत्येक केंद्रावर कायमस्वरूपी नेमावा, ज्याला गावोगाव फिरायला प्रवासखर्च मिळेल. लेखकाने सुचवलेले इंटरनेटवरचे भांडारही अवश्य उभे राहावे. त्यात कोणते गाणे कोणाचे, हे लिहून ठेवायला हाच माणूस लागणार आहे.

आपला नम्र,
एक वर्गणीदार वाचक, मेरीलँड