हार घालण्याआधी व्हिसा बघा

2024 च्या जुलैमध्ये माझे मामू अकोला स्टेशनवर उतरले तेव्हा मोहल्ल्यातली वीस-पंचवीस माणसं गुलाबाचे हार घेऊन उभी होती. ‘हाजीसाब, मुबारक हो’ म्हणत सगळ्यांनी गळाभेट घेतली. मामूंनी घरी खजूर वाटले, जमजम वाटलं. रात्री सगळे गेल्यावर त्यांनी मामीला सांगितलं की आपण काबा पाहिलेलाच नाही. जमजमची बाटली जेद्दाच्या विमानतळावर विकत घेतली होती.

हे मी त्यांच्या परवानगीने लिहितोय. नाव घ्यायचं नाही एवढीच त्यांची अट आहे. त्यांना नेणाऱ्या एजंटचंही नाव मी घेणार नाही, कारण माझं भांडण एका माणसाशी नाही. ज्या हवेत असा माणूस बिनघोर धंदा करतो, त्या हवेशी आहे. आणि ती हवा अमरावतीत, अकोल्यात, परतवाड्यात आपणच तयार केली आहे.

मामू एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली. निवृत्तीचे पैसे हजसाठी बाजूला ठेवले होते. हज कमिटीच्या कुर्‍यात दोनदा नाव आलं नाही. मग ओळखीचा, पाच वक्तचा नमाजी असलेला एजंट घरी आला. ‘कमिटी का भरोसा नहीं मामू, व्हिजिट पे चलो, वहाँ सब हो जाता.’ मामूंनी विचारलं, कागद? तो म्हणाला, बुलावा आला की कागद कोण विचारतं! जन्मभर विनातिकीट प्रवाशाला खाली उतरवणारा माणूस या एका वाक्यावर गप्प बसला.

ते मुंबईहून निघाले मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षी सौदी सरकारने 23 मेपासून 21 जूनपर्यंत कुठल्याही प्रकारच्या व्हिजिट व्हिसावर मक्केत जाण्या-राहण्यास बंदी केली होती. ती जाहीर बंदी होती, बातम्यांत आली होती. म्हणजे मामू विमानात बसले तेव्हाच मक्केची वेस त्यांच्यासाठी बंद झालेली होती आणि एजंटला ते माहीत होतं. जेद्दात एका खोलीत नऊ जण. पासपोर्ट एजंटच्या माणसाकडे. जूनमध्ये एका रात्री गाडीत कोंबून नेलं, शुमैसीच्या नाक्यावर पोलिसांनी परत पाठवलं. 15 जूनला, अरफातच्या दिवशी, मामू त्या खोलीत बसून मोबाइलवर अरफातचं मैदान बघत होते.

यावर आमच्या एका नातेवाइकाची प्रतिक्रिया: ‘नियत तर होती ना, सवाब मिळाला.’ मिळाला असेल, तो हिशेब माझ्याकडे नाही. पण नियत मामूंची होती, पैसे एजंटला मिळाले.

आणि मामू नशीबवान म्हणायचे. जे नाका चुकवून आत पोचले, त्यांचं काय झालं ते आठवा. त्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला. सौदी सरकारच्याच आकड्यानुसार 1301 माणसं मेली आणि त्यातली 83 टक्के विनापरवाना आलेली होती. परवानाधारकाला मिनात तंबू असतो, बस असते, मंडपात थंड हवा असते. विनापरवाना माणूस लपत असतो; तो उन्हात मैलोन् मैल चालतो आणि चक्कर आली तरी मदत मागायला घाबरतो. मेलेल्यांत सर्वाधिक इजिप्तचे होते. तिथल्या सरकारने 16 पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले. आपल्याकडे एजंट पुढच्या महिन्यात उमराच्या जाहिराती लावून मोकळा होतो.

ऊन आम्हाला काय शिकवता, असं वर्‍हाडातला माणूस म्हणेल. मामूही म्हणाले होते. पण त्याच मे महिन्यात अकोल्याच्या प्रशासनाने उष्णतेमुळे जिल्ह्यात 144 कलम लावलं होतं. घरच्या उन्हाला आपण जमावबंदीने मान देतो आणि परक्या मुलखातल्या उन्हात सत्तरीच्या माणसाला दुआच्या भरवशावर सोडतो.

आता मला नेहमी ऐकवला जाणारा युक्तिवाद. ‘आम्ही पर्यटक नाही, अल्लाहचे मेहमान आहोत. त्याच्या घरी जायला राजाची परवानगी कशाला?’ ऐकायला भारी वाटतं. पण कुराणाने हज फर्ज केला तोच ऐपत असलेल्यावर. इस्तिताअत म्हणतात ती केवळ पैशाची नाही, सुरक्षितपणे पोचण्याचीही आहे. दहा लाख मुस्लिमांमागे एक हजार हाजी, हे प्रमाण इस्लामी देशांच्या संघटनेने ठरवलं, कारण मिना काही रबराचं नाही. तुम्ही विनापरवाना घुसता तेव्हा परवाना घेऊन आलेल्या म्हातारीच्या वाटेवर गर्दी करता. 2024 मध्ये सौदीच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेनेही परवान्याविना हज करणं गुनाह ठरवलं. सौदीने हजचा बाजार केलाय, महागडी हॉटेलं उठवली, ही तक्रार मला मान्य आहे. त्यावर वेगळं लिहीन. पण त्या बाजाराचा सूड उगवायला आपण आपली म्हातारी माणसं पाठवायची का?

2025 पासून तर विनापरवाना हजचा प्रयत्न केला तरी 20,000 रियालपर्यंत दंड आहे. रुपयांत साडेचार लाखांच्या आसपास. मुदत संपूनही तिथे थांबून हज करू पाहणार्‍याला हद्दपारी आणि दहा वर्षं प्रवेशबंदी. दहा वर्षं म्हणजे आपल्या बहुतेक हाजींसाठी कायमचीच.

नोंदणीकृत ऑपरेटर असला म्हणजे झालं, असंही नाही. 2025 साली खासगी ऑपरेटरांच्या वाट्याच्या सुमारे 52,500 जागांपैकी फक्त 10,000 च्या आसपास वाचल्या, कारण सौदीच्या मुदतीत पैसे भरणं आणि करार करणं झालं नाही. लोकांनी पैसे भरले होते, बॅगा भरल्या होत्या. पुन्हा ही नोंदणी हजची. उमराचं दुकान तर कोणीही थाटतो, मोबाइलच्या रिचार्जशेजारी.

2018 मध्ये हजचं अनुदान बंद झालं तेव्हा आपण महिनाभर नाक्यानाक्यावर वाद घातले होते. व्हिसाच्या या लुटीबद्दल मी एकही बयान ऐकलेलं नाही. का? कारण फसलेला माणूस बोलत नाही. त्याच्या गळ्यात हार पडलेला असतो. ‘हाजी’ ही पदवी एकदा लागली की खरं बोलणं म्हणजे भरबाजारात फजिती. एजंटचं सगळ्यात मोठं भांडवल ही शरम आहे.

‘घरातलं मराठीत का लिहितोस, बाहेरचे हसतील,’ असंही सांगून झालं. घरात उर्दूत बोललं जातं, मान्य. पण व्हिसाचे नियम इंग्रजीत आणि अरबीत, बयान उर्दूत, पावती कशातच नाही आणि फसवणुकीची तक्रार ठाण्यात लिहायची ती मराठीत. मग मी कोणत्या भाषेत लिहू?

सामानाचंही बोलून टाकतो. 2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. नात्यातल्या बाईने तिकडे कुणाला द्यायला म्हणून पुडकं दिलं होतं, त्यात चरस निघाली. दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटायला 2021 उजाडलं. तरीही आपल्याकडे निघताना ‘हे तेवढं अमक्याला द्या’ म्हणत चार पुडकी हातात येतात आणि नाही म्हणणं बेअदबी ठरते. बेअदब व्हा. आणि मामींनो, लाडवात खसखस घालू नका. सौदीत आणि अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजतात. खर्‍र्‍याची पुडीही घरीच राहू द्या.

गेल्या महिन्यात आमच्या अमरावतीच्या मशिदीच्या फळ्यावर पुन्हा एक पोस्टर लागलं. ‘हज-उमरा, व्हिसाची चिंता नको.’ मी सदरसाहेबांना म्हटलं, निदान विचारा तरी की व्हिसा कोणता. ते म्हणाले, ‘बेटा, नेक काम में शक नहीं करते.’ मग मी एका कागदावर मराठीत चार प्रश्न लिहिले. व्हिसा हजचा की व्हिजिटचा? हजसाठी सरकारी नोंदणी क्रमांक काय? पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहणार? पैशाची पावती कोणाच्या नावाने? कागद पोस्टरच्या खाली चिकटवला.

जुम्याला पाहिलं तर पोस्टर होतं, माझा कागद नव्हता. दुसरा चिकटवलाय. खाली मामूंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे: ‘मी विचारलं नव्हतं.’