खिळ्याविना पट्टी, पण कोणत्या गोंदाने?

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते आणि त्यामागोमाग सुतारकाम. दाराच्या चौकटीभोवती, कपाटाच्या कडेला लाकडी पट्टी लावायची असते, पण खिळा नको असतो. पातळ पट्टी खिळ्याने चिरते, शिवाय पुट्टीचे ठिपके दिसतात ते वेगळेच. मग दुकानात गोंद मागितला जातो. तेव्हा दोनच प्रश्न विचारले जातात. घट्ट धरेल ना? लगेच धरेल ना? यातल्या दुसऱ्या प्रश्नाची किंमत प्रकृतीने मोजावी लागते आणि ती बहुधा घरमालकाच्या नव्हे, सुताराच्या.

लगेच धरणारा म्हणजे पिवळट, उग्र वासाचा रबरी गोंद. तो दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटे उघडा ठेवायचा आणि बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचा. एवढ्या वेळात रबर पातळ ठेवणारे टोल्युईन, हेक्झेन यांसारखे द्रव उडून जातात. उडून जातात ते खोलीच्या हवेत आणि तिथून छातीत. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत साठते, आणि सुतार तर जमिनीवर बसूनच काम करत असतो.

डोके जड होणे, चक्कर, मळमळ हे बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर थांबते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. हेक्झेन मात्र महिनोन्महिने श्वासातून जात राहिले, तर शरीरात त्यापासून हातापायांच्या नसांना इजा करणारा पदार्थ तयार होतो. आधी मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, पुढे पायातली ताकद कमी होते. जपानमध्ये १९६०च्या दशकात सँडल चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला होता. आपल्याकडे हातापायांना मुंग्या येणारा तरुण ओपीडीत आला की साखर तपासली जाते, बी-१२ लिहून दिले जाते. रुग्णाला त्याचे काम विचारा, हे रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. आमच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो, पण त्यात बहुतेक वेळा 'मजुरी' एवढेच लिहिलेले असते.

शहरांत ज्या फ्लॅटचे काम चालू असते त्यातच अनेकदा सुतार रात्री झोपतात, तिथेच स्टोव्हवर भात शिजवतात. आवाज आणि धूळ बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. ही वाफ पेट घेते, एक बिडीही पुरते.

आणि गंमत अशी, की लाकडाला लाकूड चिकटवायला या गोंदाची गरजच नसते. पांढरा गोंद, ज्याला आपण डबा कोणाचाही असला तरी फेविकॉलच म्हणतो, तो पाण्यातला असतो. पाणी लाकडात मुरते आणि उरलेला गोंद तंतूंना धरून ठेवतो. नीट बसलेला सांधा ओढला तर कित्येकदा शेजारचे लाकूड तुटते, सांधा सुटत नाही. अट इतकीच की लाकूड कोरे हवे. पॉलिश किंवा रंग असेल तर आधी पॉलिशपेपरने घासून काढायचा. मग क्लॅम्प, नाहीतर वीतभर अंतरावर मास्किंग टेप लावून पट्टी रात्रभर दाबून ठेवायची. सतत ओल असलेल्या जागी साधा पांढरा गोंद टिकत नाही, तिथे पाण्याला टिकणारा प्रकार घ्यावा.

खडबडीत भिंतीवर पट्टी बसवायला नळीतला घट्ट गोंद लागतो. त्यातही पाण्यावर आधारित प्रकार मिळतात, लेबल वाचून घ्या. पॉलियुरेथेनचा गोंद चांगला धरतो, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दम्याचा त्रास सुरू होऊ शकतो. घरात दमेकरी असेल तर तो टाळलेला बरा. कोपऱ्यांसाठी झटपट गोंद वापरलात तर त्याची नळी डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीजवळ ठेवू नका. डोळ्यात गेलाच तर पापण्या ओढून उघडायच्या नाहीत, भरपूर पाण्याने धुवायचे आणि नेत्रतज्ज्ञाकडे जायचे.

सुतार रबरी गोंद मागतो तो हट्टाने नव्हे. त्याला काम ठेक्याने दिलेले असते, पट्टी सुकायची वाट पाहण्याचे पैसे कोणी देत नाही. एका दिवसाची मजुरी जास्त धरा, पूर्ण खर्चात ती फारशी दिसतही नाही. एखाद्या वळणाला रबरी गोंद लागणारच असेल, तर खिडक्या उघड्या ठेवा, पंख्याने हवा बाहेर जाऊ द्या, स्टोव्ह पेटवू देऊ नका. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. आणि त्या रात्री सुतारांना झोपायला गच्ची किंवा दुसरी खोली मिळेल का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.