गोळीनेच टिकवलेली सूज

बाह्यरुग्ण विभागात चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येते : “लघवीची गोळी बंद केली की पाय भरून येतात, म्हणून सोडता येत नाही.” तपासण्या पाहाव्यात तर हृदय, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड सारे ठीक. गोळी कधीतरी किरकोळ सुजेसाठी सुरू झालेली. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षे आणलेली. काही जणी वजन उतरते म्हणूनही घेतात. उतरते ते पाणी, चरबी नव्हे.

फ्रुसेमाइडसारखी गोळी मूत्रपिंडावाटे मीठ आणि त्यामागोमाग पाणी बाहेर काढते. शरीर हा तोटा भरून काढू पाहते : रेनिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते. गोळी अचानक थांबली तरी हा बंदोबस्त लगेच उठत नाही. काही दिवसांतच वजन दोन-तीन किलोंनी वाढू शकते, चेहरा सुजतो, अंगठी रुतते. रुग्णाला वाटते आजार उलटला. डॉक्टर पुन्हा तीच गोळी लिहितो, कधी डोस वाढवून. अशा ‘अकारण’ सुजेमागे गोळीच तर नाही ना, हा प्रश्न ग्रॅहॅम मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये विचारला होता. आपल्याकडे तो अजूनही क्वचितच विचारला जातो.

ही उलटून आलेली सूज बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तेवढे दिवस लोणचे, पापड, फरसाण बंद, दुपारी थोडा वेळ पाय उंचावर, आणि सूज वाढेल याची आधीच दिलेली कल्पना. ही कल्पना कुणी देत नाही, म्हणून चौथ्या दिवशी गोळी परत सुरू होते. दरम्यान पोटॅशियम घटत राहते, पोटऱ्यांत गोळे येतात, क्वचित हृदयाचा ठोका चुकतो.

मूळ सूज अ‍ॅम्लोडिपिनमुळे किंवा गुडघेदुखीच्या गोळ्यांमुळे असेल, तर ते औषध बदलायला हवे. त्यावर लघवीची गोळी चढवणे हा आम्हा डॉक्टरांचा आळस. ती लिहिताना कशासाठी आणि कधीपर्यंत, हे केसपेपरवर लिहिलेच पाहिजे.

हृदय, यकृत वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, रक्तदाबासाठी ही गोळी घेणाऱ्यांनीही, ती स्वतःहून थांबवू नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच, शक्यतो हळूहळू कमी करावी. आणि धाप लागली, झोपताना उशा वाढवाव्या लागल्या किंवा एकच पाय सुजला, तर तीन आठवडे वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.