चष्मा उतरवणाऱ्यांनो, आधी नंबर मोजून दाखवा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पूर्ण वाचा आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

गेले काही महिने शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच माल फिरतोय. चष्मा कायमचा सुटेल, एकवीस दिवसांत नंबर शून्यावर येईल, चष्मा ही कुबडी आहे, लावला की नंबर वाढतच जातो. कुणी तळवे चोळून डोळ्यांवर ठेवायला सांगतो, कुणी उगवत्या सूर्याकडे टक लावायला, कुणी मध आणि कांद्याचा रस थेट डोळ्यात घालायला. वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत आणि सरळगावपासून टोकावड्यापर्यंत माणसं मला विचारतात, "मास्तर, हे खरं का हो?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहितो.

मी डॉक्टर नाही. पण याच दोन तालुक्यांतल्या शाळांत आयुष्य गेलं. फळ्यावरचं न दिसणारं पोर कसं ओळखायचं हे मला कुणी शिकवायला नको. ते फळ्याकडे बघताना डोळे बारीक करतं. शेजारच्याच्या वहीतून उतरवतं. त्यावरून धपाटा खातं. मग हळूहळू मागच्या बाकावर सरकतं, कारण तिथे कुणी काही विचारत नाही. सातवीपर्यंत त्याच्या नावावर "अभ्यासात कच्चा" असा शेरा पडलेला असतो. दिसत नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, कारण जग असंच धुरकट असतं अशी त्याची समजूत असते. अशा पोराला चष्मा लागला आणि महिन्याभरात कुणा शिबिरवाल्याच्या नादाने बापाने तो काढून कपाटात ठेवला, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. माझा राग तिथला आहे. मोठ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांचं काय करायचं ते करावं.

आता हे सगळं "आपल्या ऋषिमुनींचं ज्ञान" म्हणून खपवलं जातं, त्याबद्दल. तळव्यांनी डोळे झाकणं, डोळे मिटून ऊन घेणं, अंग झुलवत नजर फिरवणं, हे सगळं पॅकेज न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम बेट्स यांचं आहे. १९२० साली त्यांनी पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं, की डोळ्यातलं भिंग नजर जुळवतच नाही. डोळ्याभोवतीचे सहा स्नायू बुबुळाचा गोळा दाबतात आणि नजर जुळते. म्हणून स्नायू सैल करा, चष्मा सुटेल. १९२९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर फसव्या जाहिरातींची तक्रार दाखल केली होती. पुढे इंग्रज लेखक आल्डस हक्सली यांनी १९४२ मध्ये त्याच पद्धतीची तारीफ करणारं पुस्तक लिहिलं आणि तिला मोठी हवा मिळाली. आपल्याकडे दिल्लीचे आणि नंतर पाँडिचेरीचे डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी ती आणली आणि रुजवली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन माल, त्यावर आपलं लेबल.

बेट्स चूक होते की बरोबर, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या गावात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा असतीलच. ऑपरेशनमध्ये डॉक्टर डोळ्यातलं भिंग काढतात आणि कृत्रिम बसवतात. बाहेरचे सहाही स्नायू जागच्या जागी, धडधाकट. मग आजोबांना पोथी वाचायला पुन्हा चष्मा का लागतो? कारण साधं कृत्रिम भिंग आकार बदलत नाही. नजर जुळवणारं भिंगच होतं, स्नायू नव्हे. बेट्सच्या शंभर पानांना किन्हवलीच्या एका म्हाताऱ्याचं उत्तर पुरेसं आहे.

लांबचं न दिसणाऱ्या पोराचं प्रकरण वेगळं. त्याच्या डोळ्याचा गोळाच थोडा लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो, तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर लागतो. वाढलेला गोळा व्यायामाने आखडत नाही. उंची वाढलेलं पोर दोरीच्या उड्या मारून बुटकं होत नाही, तसंच हे.

चाळिशीचंही तसंच. आपल्या भाषेने त्या चष्म्याला नावच "चाळिशी" दिलंय. चाळीस ओलांडली की भिंग ताठर होतं आणि सुईत दोरा जाईना होतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. त्यांनी त्याला रोग म्हटलं नाही, षड्यंत्रही म्हटलं नाही. वय म्हटलं.

मग लगेच कॉमेंट येणार: "आमच्या आजोबांचा चष्मा सत्तराव्या वर्षी सुटला, रोज त्राटक करायचे." सुटला असेल, मी खोटं म्हणत नाही. पण म्हातारपणी वाचायचा चष्मा अचानक सुटणं ही बऱ्याचदा मोतीबिंदू सुरू झाल्याची खूण असते. भिंग आतून घट्ट होतं, डोळ्याला मायनस नंबर येतो, जवळचं दिसू लागतं आणि लांबचं जातं. घरात पेढे वाटतात आणि वर्षा-दोन वर्षांत म्हातारा उंबऱ्याला ठेचकाळतो. मधुमेहातही साखर वरखाली झाली की नंबर वरखाली होतो. तेव्हा आजोबांचा चष्मा सुटला असेल तर आधी डोळे आणि साखर दोन्ही तपासून घ्या.

शिबिरात बसलेल्या पोरांना खरंच बरं का वाटतं, हेही सांगतो, कारण ती खोटं बोलत नसतात. एक तर तोच तक्ता रोज वाचला की अक्षरं पाठ होतात. दुसरं, धुरकट अक्षरावरून अंदाज बांधायला मेंदू शिकतो. नंबर तोच राहतो, अंदाज सुधारतो. आणि तिसरं, काही पोरांचा नंबर मुळात खोटाच असतो. मोबाइल नाकाला लावून बसल्याने आतला स्नायू आखडतो आणि यंत्रावर खरा नसलेला मायनस दिसतो. विश्रांती दिली की तो जातो. म्हणूनच लहान मुलांचा नंबर थेंब घालून काढायचा असतो. घाईघाईत थेंबांशिवाय नंबर काढून चष्मा गळ्यात मारणारी दुकानंही आहेत. त्यांनी लावलेला खोटा चष्मा सुटला, की शिबिरवाल्याचा जयजयकार होतो. हे दोघे एकमेकांचा धंदा चालवतात.

"चष्मा लावल्याने नंबर वाढतो" हे तर प्रत्येक घरात ऐकतो. पोर वाढतं तसा डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. अठरा-वीसच्या आसपास तो बहुधा स्थिरावतो. मलेशियातल्या ९४ मुलांवर दोन वर्षं अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण नंबर दिला, काहींना मुद्दाम कमी. कमी नंबर दिलेल्यांचा नंबर जास्त वेगाने वाढला. नंतरच्या अभ्यासांचे निकाल सगळे एकसारखे नाहीत, तज्ज्ञांत त्यावर वाद आहे. पण चष्मा काढून ठेवल्याने डोळा पूर्वीसारखा झाला असं कुणी दाखवलेलं नाही.

आता "नैसर्गिक" म्हणून जे खरंच आहे ते, म्हणजे कुणी म्हणायला नको की मास्तर चष्मेवाल्यांकडून पाकीट घेतात.

पोरांना उन्हात खेळायला सोडा. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागलेली मुलं ३०.४ टक्के, आणि जिथे असं केलं नाही तिथे ३९.५ टक्के. हे २०१५ सालचं संशोधन. तैवानने तर रोज दोन तास पोरं बाहेर, हे धोरणच केलं. हा फायदा नंबर लागू नये म्हणून आहे, लागलेला घालवायला नाही. आणि बघा, आपल्या पोरांना माळरान, ओढा, माहुलीचा पायथा फुकट मिळालाय, तर आपण त्यांना ट्यूशन आणि रीलमध्ये कोंबतोय.

दुसरं, जीवनसत्त्व अ. ते नसेल तर रातांधळेपणा येतो, आणि ही कमतरता फारच वाढली तर बुबुळ फुटून कायमचं आंधळेपण. इथे शेवग्याचा पाला, माठ, गाजर, पिकलेली पपई खरंच औषध आहे. पावसाळ्यात आपल्या कातकरी-ठाकूर बाया ज्या रानभाज्या डोक्यावरून बाजारात आणतात, त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस अंगणवाडीतून चुकवू नका. पण गाजराने मायनस दोनचा नंबर जात नाही. ज्याला अ जीवनसत्त्व पुरेसं आहे त्याने गाजराची पाटी संपवली तरी पोट बिघडेल, नजर नाही सुधारणार.

त्राटक करायचंय? करा की. हठयोगप्रदीपिकेतल्या सहा क्रियांपैकी ती एक, मन एकाग्र व्हायला चांगली. त्यात डोळ्यांचे रोग जातात असंही म्हटलंय, पण लिहिणाऱ्याकडे नंबर मोजायचं यंत्र नव्हतं. परंपरेचा अभिमान असेल तर सुश्रुतसंहिताही उघडा. तिथे मोतीबिंदूसारख्या विकारावर शलाकेने केलेल्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. आपले जुने वैद्य हत्यार वापरायला लाजत नव्हते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघणं मात्र आजच बंद करा. पडदा जळतो, दुखत नाही, आणि नजरेच्या मधोमध पडलेला डाग काहींचा कधीच जात नाही. मध-कांद्याच्या रसाबद्दल काय बोलू? २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा लाल डोळ्यांत काय काय ओतलं गेलं ते आठवा.

सगळ्यात मोठं नुकसान लहानग्यांचं. एका डोळ्याला मोठा नंबर असला की मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच बंद करतो. डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावला, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, तर बहुतेक वेळा तो परत येतो. जसजसं वय वाढतं तसा परत येणं कठीण. म्हणजे पाच वर्षांच्या पोराचा चष्मा "वर्षभर व्यायाम करून बघू" म्हणून काढणं, हे त्याच्या डोळ्यातून परत न येणारं वर्ष काढून घेणं आहे. त्या वर्षाची भरपाई शिबिरवाला देणार आहे का? त्याचा तर फोनही लागत नाही.

कायदाही सांगून ठेवतो. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या यादीत आंधळेपणा, मोतीबिंदू, काचबिंदू आणि दृष्टीयंत्रणेचे विकार स्पष्ट लिहिलेत. यांवर बरं करतो म्हणून थेंब, रस, चूर्ण यांची जाहिरात करणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हे फक्त बाबा-बुवांपुरतं नाही. मुंबईच्या एन्टॉड कंपनीच्या "प्रेसव्ह्यू" थेंबांना २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. वाचायचा चष्मा सुटणार अशा बातम्या झळकल्या. आत औषध होतं पिलोकार्पिन, जे बाहुली लहान करून काही तासांपुरतं जवळचं स्पष्ट करतं. सप्टेंबरमध्ये नियंत्रकांनी मंजूर नसलेल्या दाव्यांवरून परवानगी स्थगित केली. खऱ्या औषधाच्या कंपनीला जर हिशेब द्यावा लागतो, तर गावात टेबल मांडून बाटल्या विकणाऱ्याला का नको?

पण दोष फक्त विकणाऱ्याचा म्हणणं सोपं आहे. एक आजी मला म्हणाली होती, "मास्तर, पोरीला चष्मा लावला तर लगीन कसं जमंल?" वर्गात "ढापणी", "डबल बॅटरी" म्हणणारी पोरं आपलीच आहेत. आणि सरकारी कामाचा वेग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे देशाच्या योजनेचा नारळ आपल्या अंगणात फुटला. पथक शाळेत येतं, तपासतं. पण एका शाळेत मी पाहिलंय: तपासणी पावसाळ्यात, चष्मे वार्षिक परीक्षा झाल्यावर, तेही दोन पोरांची नावं अदलाबदल होऊन. मधल्या आठ महिन्यांत त्या पोरांच्या आईबापांना मोबाइलवर कोण भेटलं असेल, सांगा.

पैशाचा हिशेब कळणाऱ्यांसाठी एक. आसाममध्ये चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा साधा चष्मा दिला, तर त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे भेंडी खुडणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या, बचत गटात शिवणकाम करणाऱ्या किती बाया "आता दिसत नाय बाय" म्हणून काम सोडतात? दीडशे-दोनशे रुपयांच्या काचेने जे होतं, त्यासाठी हजारो रुपये भरून त्यांना तळवे चोळायला लावायचे?

घरच्या घरी बघायचं असेल तर जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि एकेक डोळ्याने त्यातून लांबची पाटी वाचा. भोकातून स्पष्ट दिसलं तर बहुधा चष्म्याने भागेल. भोकातूनही धूसरच दिसलं तर थांबू नका, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

आणि चष्मा उतरवणाऱ्यांना माझं जाहीर बोलावणं. दहा पोरं तुम्ही निवडा, पालकांची लेखी परवानगी मी आणतो. पहिल्या दिवशी नेत्रतज्ज्ञ थेंब घालून नंबर काढेल, कागद सीलबंद. या काळात पोरांचे चष्मे चालूच राहतील, ते काढायचे नाहीत. तुमचा व्यायाम तुम्ही घ्या, एकवीस दिवस नको, तीन महिने घ्या. मग तोच तज्ज्ञ, तेच यंत्र, तेच थेंब, आणि गावासमोर दोन्ही कागद उघडायचे. तपासणीचा आणि पोरांच्या जाण्यायेण्याचा खर्च माझ्या पेन्शनमधून. तारीख तुम्ही कळवा, खाली कॉमेंटमध्येच. इनबॉक्समध्ये नको.