कुंपणापलीकडचा शेजारी

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीतली खोकड म्हणजे इंग्रजीतला फॉक्स, ती माळरानावरची. ठाणे खाडीच्या तिवरांतून तिन्हीसांजेला नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी दिसतो तो कोल्हा, म्हणजे जॅकल. ओहोटीला चिखलात खेकडे हुडकतो, भरती चढली की बांधावर येतो.

फोटो जरूर काढा. गॅलरीतून, लांब लेन्सने, फ्लॅश बंद ठेवून. बिस्किटं टाकून बोलावलेल्या कोल्ह्याचा फोटो मात्र आम्ही छापणार नाही. खाऊच्या आशेने तो वस्तीत येतो, भटक्या कुत्र्यांत मिसळतो आणि कधी त्यांच्याकडून रेबीजही घेऊन परततो. त्याचं दूषण पुन्हा त्यालाच!

या अंकाच्या मुखपृष्ठावरचा कोल्हा पाठमोरा आहे, थोडा अस्पष्टही. आम्हाला तोच आवडला.